लॅब्रॅडॉरला घेऊन शेतावर जाताय? जा, पण दोरी हातात ठेवा

वाचकाचं पत्र:

"ताई, नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, सासरे आणि आमची तीन वर्षांची लॅब्रॅडॉर, कॉफी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जुन्नर तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रात दोन रात्री राहायचं ठरवलंय. मालकांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, 'आणा की कुत्रं, काही हरकत नाही.' नवऱ्याचं म्हणणं, फ्लॅटमध्ये बिचारी कोंडून असते, तिथे दोन दिवस मोकळी सोडू, मनसोक्त धावू दे. सासरे म्हणतात, बिबट्यांच्या मुलखात कुत्रं घेऊन जायला तुम्हाला वेड लागलंय का, तिला बोर्डिंगमध्ये ठेवा. पण मागच्या वेळी बोर्डिंगला ठेवली तेव्हा तिने नीट खाल्लं नव्हतं. मुलगा तर 'कॉफी नाही तर मीही नाही' म्हणून रुसून बसलाय. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच काही ठरवता येत नाही. तिला न्यावं का? नेलं तर काय काळजी घ्यावी? तिने आजवर गाय फक्त रस्त्यावर, गाडीच्या काचेतून पाहिली आहे."

नमस्कार.

न्या तिला. कुत्रं घरातलं माणूस असेल तर सुट्टीत त्यानेही सोबत असावं, असं मला मनापासून वाटतं. डिसेंबर हा त्यासाठी उत्तम महिना आहे. ऊन सोसवतं, चिखल नसतो, सापांचा वावर पावसाळ्यापेक्षा कमी असतो. पण तुमच्या घरातल्या दोन मतांपैकी मी सासऱ्यांच्या बाजूला जास्त झुकते. त्यांनी भीती घातली ती उगाच नाही. कॉफीला न्यायचं असेल तर तिला मोकळी सोडायची नाही, एवढं घरात आधी पक्कं ठरवा आणि मगच बॅग भरा.

बिबट्याचं आधी सांगते. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वन विभाग होतो आणि इथले बिबटे बऱ्याच पिढ्या उसातच जन्मतात, उसातच वाढतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून ते काय खातात हे तपासलं होतं. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण सरळ आहे. शेतकरी शेळ्या रात्री बंदिस्त ठेवतो, जपतो. कुत्रं मात्र अंगणात, बांधावर, उकिरड्यापाशी मोकळं असतं.

म्हणजे काय करायचं, तर कॉफीला शेळीसारखं जपायचं. दिवस मावळायच्या आधी ती खोलीत आली पाहिजे आणि उजाडेपर्यंत खोलीतच राहिली पाहिजे, दार लावून. ओट्यावर नाही, पडवीत नाही, झाडाला बांधून तर अजिबात नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. राहायला तंबू देत असतील तर घेऊ नका, पक्क्या भिंतींची खोली मागा. रात्री तिला शू करायला न्यावंच लागलं तर दोन मोठी माणसं, हातात चांगला टॉर्च, दिव्याच्या उजेडातली जागा आणि आखूड दोरी. मुलाला हे काम द्यायचं नाही. रात्री शेकोटीपाशी सगळे बसाल तेव्हा ती तुमच्या पायाशी राहील असं तुम्हाला वाटेल, पण ती खोलीत असलेली बरी. हवं तर एकेक जण आळीपाळीने तिच्याजवळ बसा.

दिवसाही उसाच्या कडेने फिरायला जाऊ नका. डिसेंबरात तोडणी चालू असते. फड तुटला की त्यातला बिबट्या शेजारच्या उसात सरकतो, कधी मादीची पिल्लं सरीत सापडतात. पिल्लू दिसलं तर हात न लावता, फोटो काढत न थांबता मागे फिरा आणि मालकांना सांगा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

हे सगळं वाचून घाबरून जाऊ नका. ही माणसं तिथे रोज राहतात, मुलं शाळेत जातात, रात्री वीज आली की शेतकरी पाणी भरायला जातात. ती जी शिस्त पाळतात तीच तुम्हाला दोन दिवस पाळायची आहे.

आता मला ज्याची बिबट्याइतकीच काळजी वाटते ते सांगते, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. शेततळं. कॉफी लॅब्रॅडॉर आहे, म्हणजे पाणी दिसलं की ती उडी मारणार. शेततळ्याच्या आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. बाजू उतरत्या असतात आणि ओल्या कागदावर शेवाळ धरलेलं असतं. आत उतरलेल्या जनावराला बाहेर येता येत नाही. ते पोहत काठाला येतं, पुढचे पाय कागदावर टेकवतं, घसरतं, पुन्हा पोहतं, पुन्हा घसरतं. दमेपर्यंत हेच चालतं. आणि कुत्रं बुडतंय म्हणून माणूस मागोमाग आत उतरला तर त्याचंही तेच होतं. पोहता येतं की नाही याचा तिथे फारसा उपयोग नसतो, कारण अडचण पोहण्याची नसतेच, कागदावर पाय ठरत नाही ही असते. शेततळ्यात माणसं, मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

म्हणून मालकांना फोन करून पहिला प्रश्न हा विचारा: शेततळं आहे का, त्याला चारी बाजूंनी कुंपण आहे का, फाटकाला कडी-कुलूप लागतं का? आत दोर सोडलेला आहे का, ट्यूब ठेवलेली आहे का? दुसरा प्रश्न विहिरीचा. जुन्या विहिरींना बरेचदा कठडा नसतो आणि कडेला गवत माजलेलं असतं. पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी तुमच्या यजमानांनी मालकांसोबत एक फेरी मारावी आणि या दोन्ही जागा स्वतः पाहून घ्याव्यात. मुलालाही दाखवाव्यात. आणि कॉफी पाण्यात पडली तरी कुणीही मागे उडी मारायची नाही, काठावरून दोर टाकायचा आणि आरडाओरडा करून माणसं जमवायची, हे घरातल्या प्रत्येकाला निघायच्या आधीच सांगून ठेवा. त्या क्षणी विचार करायला वेळ मिळत नाही.

तुमच्या यजमानांच्या इच्छेबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण ती प्रेमापोटी आहे. शहरातल्या कुत्र्याला धावायला मिळत नाही हे खरंच. पण कॉफीसाठी शेतावर जाण्याचं सुख धावण्यातच आहे असं नाही. कुत्र्याचं जग नाकात असतं. ओलं गवत, गोठा, चुलीचा धूर, रात्री बांधावरून गेलेलं मुंगूस, कोंबड्यांनी उकरलेली माती. तिला तिच्या गतीने हुंगू द्या. एका बांधावर अर्धा तास लागला तरी ओढू नका. सोसायटीतल्या फेरीत आपण 'चल, चल' करत असतो, ते इथे करू नका. अशा फिरण्याने कुत्रं छान दमतं आणि रात्री गाढ झोपतं.

त्यासाठी पाच मीटरचा लांब, सपाट पट्टा घ्या. तो गळ्यातल्या पट्ट्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावा, म्हणजे जोरात धावली तरी मानेला हिसका बसत नाही. ते बटण दाबून लांब-आखूड होणारे दोरीचे पट्टे शेतावर नकोत. बारीक दोरी द्राक्षाच्या तारांत, टोमॅटोच्या काठ्यांत अडकते, हाताला कापते. गळ्यात तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. आणि हा नवा पट्टा तिथे जाऊन पहिल्यांदा लावू नका. आत्तापासून टेकडीवर नेऊन सवय करा. सोबत 'थांब' आणि 'सोड' हे दोन शब्द पक्के करून घ्या. तोंडात धरलेली वस्तू सांगितल्यावर टाकणं ही एवढी एक गोष्ट तिला येत असेल तर तुमची निम्मी चिंता मिटली.

एखाद्या केंद्रात जाळीचं कुंपण असलेली मोकळी जागा असते, तिथे भरदिवसा, कोंबड्या नाहीत हे पाहून, सोडायला माझी ना नाही. तुम्ही तिथे उभे असलं पाहिजे, एवढंच.

'काही हरकत नाही' या उत्तरावर मात्र थांबू नका. महाराष्ट्रात २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आलं, त्यानंतर अशी बरीच केंद्रं उभी राहिली. पण ती आधी शेतं आहेत. तिथे त्याच दिवशी दूध काढायचं असतं, फवारणी असते, भाजी बाजारात पाठवायची असते. पाहुण्याला नाही म्हणणं आपल्या गावाकडच्या माणसांच्या जिवावर येतं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, म्हणून हे मी खात्रीने सांगते. त्यांच्या डोळ्यांपुढे कुत्रं म्हणजे त्यांचं स्वतःचं, गोठ्यात वाढलेलं, वासराशेजारी झोपणारं. तुमची कॉफी कोंबडी पाहून काय करेल याचा अंदाज त्यांना नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नाही. तेव्हा त्यांना स्पष्ट सांगा: आमची कुत्री मोठी आहे, तीस किलोची आहे, जे काही वजन असेल ते, तिने जनावरं पाहिलेली नाहीत, ती घरात झोपते. मग विचारा: तुमची कुत्री किती, मोकळी असतात का? कोंबड्या, बदकं मोकळी असतात का? कुंपणाला झटका मशीन आहे का? उंदरांचं औषध कुठे ठेवलंय? त्या दोन दिवसांत कुठल्या प्लॉटवर फवारणी आहे? दुसरे पाहुणे कोण आहेत, त्यांना कुत्र्याचं चालेल का? मालक न कंटाळता उत्तरं देत असतील तर समजा की जागा चांगली आहे.

मालकांच्या कुत्र्यांशी पहिली भेट फाटकाच्या आत, गाडीचं दार उघडून होऊ देऊ नका. ती त्यांची राखणीची जागा आहे, ती अंगावर येणारच. पोचायच्या दहा मिनिटं आधी फोन करून त्यांना बांधायला सांगा. कॉफीला थोडं फिरवून, शू-शी झाल्यावर, मग शांतपणे रस्त्यावर, दोन्हीकडे दोरी धरून, अंतर ठेवून एकाच दिशेने चालवा. समोरासमोर तोंडं आणायची घाई नको. जमलं तर जमलं, नाही तर दोन दिवस वेगळी राहिली तरी काही बिघडत नाही. खाणं तिला नेहमी खोलीत द्या. भांडणं बहुधा खाण्यावरूनच होतात. तिची नसबंदी झाली आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल आणि ती त्याच दिवसांत हीटवर येणार असेल तर बेत पुढे ढकला. आजूबाजूच्या चार वस्त्यांवरची कुत्री खोलीभोवती गोळा होतील, आणि कुत्री जिथे जमतात तिथे रात्री आणखी कोण येतं हे वर लिहिलंच आहे.

गाई-म्हशींपासून अंतर ठेवायचं ते कॉफीसाठी आणि तुमच्यासाठीही. पुणे जिल्ह्यात आता मुक्त संचार गोठे खूप झाले आहेत, तिथे गाई बांधलेल्या नसतात. त्या आत कुत्रं घेऊन पाऊल टाकायचं नाही. नुकती व्यालेली गाय एरवी कितीही गरीब असली तरी वासराजवळ अनोळखी कुत्रं दिसलं की शिंगं रोखून येते. आणि एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: गाय किंवा बैल कुत्र्यामागे धावून आला तर दोरी सोडून द्या. राग कुत्र्यावर असतो. कॉफी तुमच्यापेक्षा वेगाने पळून बाजूला होईल, पण दोरी धरून राहिलात तर शिंगांच्या वाटेत तुम्ही याल. एवढा वेळ दोरी सोडू नका म्हणत आले, त्याला हा एक अपवाद. मालकांकडे शर्यतीचे, गाड्याचे बैल असतील तर तिकडे फिरकूच नका. ते बैल अंगाला हात लावू देत नाहीत, आणि त्यांच्यावर घराने लाखो रुपये आणि जीव दोन्ही लावलेले असतात. बैलगाडीची फेरी असेल तेव्हाही कॉफीला एका माणसासोबत मागे ठेवा.

कोंबडीचं म्हणाल तर लॅब्रॅडॉर ती तोंडात धरून आणण्यासाठीच जणू जन्माला आलेला असतो. धरलीच तर वाद न घालता, मालक 'राहू द्या हो' म्हणाले तरी, गावरान कोंबडीचा बाजारभाव हातात ठेवा. ठिबकच्या नळ्यांचंही तेच. काही कुत्र्यांना त्या चावायला फार आवडतात. नळी फुटलेली दिसली तर लगेच सांगा, नाहीतर पुढची झाडं पाण्यावाचून राहतात आणि शेतकऱ्याला ते उशिरा कळतं.

आता शीबद्दल. हा विषय मला तळमळीने लिहावासा वाटतो, कारण चांगली शिकलेली माणसंही 'शेतच आहे, खत होईल' म्हणून सोडून देतात. कुत्र्याची शी खत नाही. तिच्यातून जंतांची अंडी मातीत, चाऱ्यावर जातात. कुत्र्याच्या आतड्यातला निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला तर गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो. एका गाईचं गाभडणं म्हणजे त्या घराचं कितीतरी महिन्यांचं दूध गेलं. हायडॅटिड नावाचा फितकृमीचा आजार तर कुत्र्यापासून माणसालाही होतो, यकृतात-फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला तो कृमी शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं यकृत, फुप्फुसं खाऊन लागतो. तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्या, सहलीत कच्चं मांस किंवा कापलेल्या जनावराचं काहीही तोंडात जाऊ देऊ नका आणि प्रत्येक वेळची शी पिशवीत उचला. चाऱ्याच्या गंजीजवळ, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तिला बसू देऊ नका. पिशव्या तिथे न टाकता गाडीतून परत आणा किंवा कुठे टाकायच्या ते मालकांना विचारा.

अंगणाचंही भान ठेवा. शेणाने ताजं सारवलेलं अंगण कुत्र्याच्या नखांनी दोन मिनिटांत उखडतं. कुठे चादरीवर धान्य, मिरच्या वाळत घातलेल्या असतात. काही घरांत स्वयंपाकघरात, देवघराजवळ कुत्रं चालत नाही, आणि तो त्यांच्या घराचा रिवाज आहे. जेवायला बसाल तिथे कॉफीला नेऊ की नको हे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आधी विचारा, त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळेलच.

खाण्यात सर्वात मोठा धोका जुन्नर भागात कुठला, तर द्राक्षं. नारायणगाव-जुन्नरच्या बागांत डिसेंबर-जानेवारीपासून माल तयार व्हायला लागतो आणि वेलीखाली मणी पडलेले असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर होईल याचा ठराविक हिशेब नाही, एखाद्या कुत्र्याला थोडीशीही बाधतात. म्हणून बाग पाहायला जाल तेव्हा कॉफीला सोबत नेऊ नका. तिथे फवारणीही वरचेवर असते. तिने मणी खाल्लेच तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, ताबडतोब तुमच्या पशुवैद्यांना फोन लावा आणि गाडी काढा. पहिले दोन तास महत्त्वाचे असतात. कांदा-लसूणही तिला नको, म्हणजे पिठलं, रस्सा, मिसळ, सगळं बाद. शिजवलेली कोंबडीची हाडं फुटून टोकं होतात आणि आतड्यात रुततात. मालकांच्या घरचे मायेने काहीतरी टाकणारच, म्हणून पहिल्याच जेवणाआधी सांगा: 'तिचं खाणं आम्ही आणलंय, तुम्हाला द्यायचंच असेल तर कोरडी भाकरी द्या.' त्यांचाही मान राहतो.

गोचिडांचं औषध मात्र तुम्ही आजच आणा. गोठा म्हटला की गोचीड आलंच, आणि त्यातून एर्लिकिया, बबेसिया असे रक्ताचे आजार होतात, आपण त्यांना टिक फीवर म्हणतो. गोळी द्यायची की मानेवर टाकायचं औषध, हे तिचं वजन बघून डॉक्टर ठरवतील. ते निघायच्या काही दिवस आधी द्यायचं, आल्यावर नाही. तिथे रोज संध्याकाळी तिला खोलीत आडवी पाडून बोटांनी चाचपा: कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळ्यातल्या पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. गोचीड सापडलं तर चिमट्याने कातडीला अगदी चिकटून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल लावणं, काडीने चटका देणं, बोटांनी चिरडणं, हे काही करू नका. आणि परत आल्यावर पुढचे तीन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवा. खाणं सुटलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना शेतावर गेल्याचं आठवणीने सांगा.

लसींचं कार्ड उघडून तारखा पाहा. रेबीज आणि वार्षिक लस, ज्यात लेप्टोची असते, दोन्ही चालू असायला हव्यात. लेप्टो उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो, त्यामुळे डबक्यातलं, पाटातलं पाणी पिऊ देऊ नका. मुदत संपली असेल तर या आठवड्यातच घ्या, लस अंगी लागायला वेळ लागतो. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. कुत्र्या-मांजरांचा सराव असलेला दवाखाना सर्वात जवळ कुठे आहे तेही आत्ताच शोधा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर असतात, १९६२ वर फिरत्या पथकाची मदतही मिळते, पण त्यांचा बहुतेक दिवस गाई-म्हशींत जातो.

मुलासाठी एकच नियम करा: तिथल्या कुत्र्यांना, पिल्लांना, मांजरांना मालकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ओरखडा जरी उठला तरी आई रागावेल म्हणून लपवायचा नाही, हे त्याला प्रेमाने सांगा. तसं झालंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा, पुण्याला परतायची वाट पाहू नका. बाकी त्याच्यावर एक जबाबदारी टाका. कॉफीचं पाण्याचं भांडं भरलेलं ठेवणं आणि संध्याकाळची गोचीड-तपासणी. नऊ वर्षांचा मुलगा हे उत्तम करतो.

सासऱ्यांनाही या तयारीत घ्या. त्यांच्या बोलण्यावरून त्यांना गावाकडची जाण आहे असं दिसतं. मालकांशी फोनवर त्यांनाच बोलू द्या. शेततळं, उसाचं अंतर, रात्रीची व्यवस्था हे प्रश्न ते तुमच्यापेक्षा नेमके विचारतील, आणि उत्तरं ऐकून त्यांचं समाधान झालं तर तुमचीही द्विधा संपेल.

समाधान झालं नाही, समजा शेततळ्याला कुंपण नाही, किंवा कुत्र्याला रात्री खोलीत घेता येणार नाही असं कळलं, तर त्या जागेचा हट्ट धरू नका. दुसरं केंद्र बघा, किंवा कॉफीला ओळखणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला दोन दिवस तुमच्या घरी राहायला बोलवा. बोर्डिंगपेक्षा तिला ते सोपं जाईल. पण रद्द करायचं असेल तर याच आठवड्यात करा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा त्या शेतकऱ्याचा कमाईचा असतो, खोली दुसऱ्या कुणाला देण्याइतका वेळ त्याच्या हातात राहायला हवा.